पाण्याला विरजण

हौसेने मासे पाळू पाहणाऱ्या घरांत एक गोष्ट इतक्या ठरावीक क्रमाने घडते की, तिचा दिवसही आधी सांगता यावा. शनिवारी काचेची टाकी येते. खडी धुऊन पसरली जाते, नळाचे पाणी भरले जाते, दिवा लागतो. रविवारी संध्याकाळी पिशवीतून आठ-दहा मासे येतात आणि पिशवी टाकीत उलटी केली जाते. चार-पाच दिवस घर टाकीसमोरून हलत नाही. मग मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, पंख मिटून कोपऱ्यात उभे राहतात, त्यांचा रंग उतरतो. दुसरा आठवडा संपेपर्यंत टाकीत एखाददुसराच उरतो. यावर घरात दोन स्पष्टीकरणे मिळतात. एक, दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. दुसरे, आमच्या घराला मासे लाभत नाहीत. पाण्यावर कोणाचा संशय जात नाही, कारण पाणी अजून काचेसारखे स्वच्छ असते.

गेली वीसेक वर्षे मी मासे पाळतो आहे आणि त्याहून अधिक काळ रसायनशास्त्र शिकवले आहे. त्यामुळे असे घडले की ओळखीचे लोक विचारायला येतात. माझे उत्तर त्यांना पटायला जड जाते. मासे मेले ते पाणी घाण झाले म्हणून नव्हे. पाणी फार नवे होते म्हणून मेले. दुधाला जसे विरजण लागते, तसे टाकीतल्या पाण्यालाही लागते. फरक एवढाच की, दही एका रात्रीत लागते आणि पाण्याला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. हे आठवडे नेमके कशासाठी, त्यांत काय घडते आणि नाजूक मासा आणण्याआधी ते का टाळता येत नाहीत, हे या लेखात मांडायचे आहे.

एक ग्रॅम खाद्याचा हिशेब

गाय, माणूस, पक्षी यांच्या शरीरात प्रथिने वापरली गेली की उरलेला नायट्रोजन युरिया किंवा युरिक आम्ल बनवून बाहेर टाकावा लागतो. माशाला हा खटाटोप लागत नाही. तो सभोवतालच्या पाण्यात बुडालेलाच असतो. त्यामुळे नायट्रोजन सरळ अमोनियाच्या रूपात, आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे, बाहेर जातो. म्हणजे मासा श्वास घेतो त्याच दाराने कचराही टाकतो. नदीत हा कचरा क्षणात वाहून जातो. टाकीत तो जिथल्या तिथे राहतो.

किती राहतो? साधा हिशेब करू. बाजारातल्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलीग्रॅम नायट्रोजन येतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया म्हणून बाहेर पडला, तरी जवळजवळ ३९ मिलीग्रॅम अमोनिया तयार होतो. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद-उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते. खडी-दगड घातल्यावर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते. म्हणजे लिटरमागे ०.८ मिलीग्रॅमहून अधिक अमोनिया. आठ-दहा छोटे मासे एवढे खाद्य आठवडाभरात सहज संपवतात. 'पाचव्या-सहाव्या दिवशी काहीतरी बिघडले' या तक्रारीमागचे गणित हे आहे.

पण आकडा इथे संपत नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ज्याचा माशाला फारसा त्रास नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून सरळ रक्तात शिरतो. या दोघांची वाटणी ठरवतो तो पाण्याचा सामू, दुकानदार ज्याला पीएच म्हणतात तो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून जरा अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो आणि सामू ९ ला एक तृतीयांशापेक्षा जास्त. सामू एका अंकाने वाढला की विष जवळजवळ दहापट, असा हा चढ आहे. नाजूक माशांसाठी मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ मिलीग्रॅमच्या आत असावा, असे मानतात. वरच्या टाकीत सामू ७ असेल तर मासे वाचतील. सामू ८ असेल तर त्याच खाद्यावर, त्याच टाकीत ही मर्यादा दुपटीने ओलांडली जाईल. एकाच दुकानातून मासे घेतलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे जगतात आणि एकाचे मरतात, ते नशिबापेक्षा या वाटणीमुळे.

दीडशे वर्षांपूर्वीची दोन नळकांडी

घरात जलचर पाळण्याचा छंद आज दिसतो त्या रूपात एकोणिसाव्या शतकात आला. लंडनमधला रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी पाने फस्त केली, वनस्पती जोमाने वाढली, मासे टिकले. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे ठेवले. प्राणी आणि वनस्पती एकमेकांना सांभाळून घेतात, असे त्याचे सूत्र होते: मासे प्राणवायू घेतात, झाडे तो देतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचे 'दि अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. मग घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या.

वॉरिंग्टनचे सूत्र खरे होते, पण अर्धे होते. प्राणवायूचा हिशेब त्यात होता, नायट्रोजनचा नव्हता. तो लागला मत्स्यालयापासून फार दूर, गटाराच्या पाण्यात.

फ्रान्समध्ये १८७७ च्या सुमारास थिओफिल श्लोझिंग आणि अकील म्युंट्झ हे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा अभ्यास करत होते. त्यांनी एका उंच नळकांड्यात वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी थेंबाथेंबाने सोडले. पहिले वीस दिवस काही घडले नाही. जेवढा अमोनिया वरून जाई, तेवढाच खालून येई. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. हा केवळ रासायनिक बदल असता तर पहिल्याच दिवशी सुरू झाला असता. मग वीस दिवस कशासाठी? दोघांनी नळकांड्यात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. बदल थांबला. वाफ काढून टाकली तरी तो परत सुरू होईना. शेवटी बागेतली थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी वर ओतले, आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागले. वाळूत कोणीतरी जिवंत होते. ते क्लोरोफॉर्मने मेले आणि मातीतून परत आले.

हा प्रयोग वाचताना मला दरवेळी आपल्या टाकीचीच आठवण होते. वाळू, वरून येणारा अमोनिया, वीस दिवसांची वाट आणि मातीचे विरजण: नवी टाकी तयार करण्याची सगळी पद्धत त्या नळकांड्यात आहे. फक्त मासा नाही.

हे जिवाणू इतके संथ का?

१८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे काढले. त्यांची राहणी चमत्कारिक निघाली. ते साखर, पिष्ट, प्रथिने असे काही खात नाहीत. अमोनियाचा प्राणवायूशी संयोग घडवून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते जगतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन झाडांप्रमाणे कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, तोही प्रकाशाशिवाय. कमाई इतकी थोडी की संसार वाढायला वेळ लागणारच.

किती वेळ, ते पाहू. पोषक वातावरणात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. आठ तासांत अशा चोवीस दुपटी होतात आणि एकाचे एक कोटी सदुसष्ट लाख होतात. आपल्या जिवाणूंची दुपटी साधारण दिवसाला एक धरली, तर तोच आकडा गाठायला चोवीस दिवस लागतील. रात्रीतून दूध नासते, पीठ फुगते, त्या वेगाची आपल्याला सवय असते. तीच अपेक्षा टाकीकडून केली जाते आणि तिथे ती चुकते.

शिवाय काम दोन टप्प्यांत चालते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. दुसऱ्या गटाचे अन्न पहिला गट तयार करतो, म्हणून तो मागाहून वाढतो. मधल्या काळात नायट्राइट साठते आणि तेही विषच आहे. कल्ल्यांतल्या ज्या वाटेने क्लोराइड आत घेतले जाते, त्याच वाटेने नायट्राइट रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे असे रूप करते की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. रक्त तपकिरी होते. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. अमोनियातून वाचलेले मासे तिसऱ्या आठवड्यात अचानक जातात ते यामुळे. शेवटी तयार होणारे नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते. ते पाणी बदलून आणि झाडे लावून आवाक्यात ठेवता येते.

हे जिवाणू नेमके कोण, याबद्दलचे ज्ञान अजूनही बदलते आहे. नायट्राइट पचवणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असे पुस्तकांत कित्येक दशके छापले जात होते. १९९८ मध्ये मत्स्यटाक्यांच्या अभ्यासातून दिसले की, गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. २०११ मध्ये असे आढळले की, बऱ्याच टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणाऱ्यांत आर्किया या वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव बहुसंख्य असतात. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की, नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात. त्यातल्या एका गटाला हा जीव मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये सापडला. शंभर वर्षे दोघांचे मानलेले काम एकटा करणारा जीव टाकीच्या फिल्टरमध्ये बसलेला होता.

विरजण लावण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. टाकी आधी नुसत्या पाण्याने भरून चोवीस तास ठेवावी. गळती असेल तर कळते. ५४ लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचे वजन ५४ किलो होते, काच आणि खडी वेगळी. तेव्हा खालचे टेबल भक्कम आणि सपाट हवे. साबण कशालाही लावू नये. दगड घालायचे असतील तर त्यांवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे. असा दगड पाण्याचा सामू वर ढकलत राहील. आपला काळा कातळ सहसा फेसत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर तेवढी जागा तपासून घ्यावी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरलेले असावे लागते. माशांच्या कल्ल्यांना याच्या काही अंशांनेही इजा होते, आणि जे जिवाणू वाढवायचे त्यांना मारण्यासाठीच तर क्लोरीन घातलेले असते. उघड्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन वापरले असेल तर ते असे जात नाही. मग दुकानात मिळणारे क्लोरीननाशक बाटलीवरच्या प्रमाणात घालावे.

फिल्टर सुरू करावा. साधा स्पंजचा चालतो. जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. स्पंजच्या छिद्रांत त्यांना राहायला भरपूर जागा मिळते आणि सतत वाहणारे पाणी त्यांना अमोनिया आणि प्राणवायू आणून देते. पाण्याचे तापमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असले तर वाढ चांगली होते. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागेल.

आता जिवाणूंना अन्न हवे, म्हणजे अमोनिया. पण मासा नको. इथे आपल्या ओळखीचा एक पदार्थ कामाला येतो: नवसागर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाला जो पांढरा खडा फिरवतो आणि धूर उठतो, तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, तो टाकीत घालू नये. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध आणावा. ५० लिटर पाण्यात ०.३ ग्रॅम नवसागर विरघळवला की लिटरमागे सुमारे २ मिलीग्रॅम अमोनिया होतो. एवढे पुरे. अधिक घातल्याने काम लवकर होत नाही. अमोनिया फार चढला तर हे जिवाणूच दबतात. नवसागर मिळाला नाही तर रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकावे. ते कुजून अमोनिया देते, फक्त मोजमाप हातात राहत नाही.

आणि विरजण? कुणाकडे वर्षभर नीट चाललेली टाकी असेल, तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्यावा किंवा त्याचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. सहा आठवड्यांचे काम दोन-तीन आठवड्यांवर येऊ शकते. मात्र आंबट विरजणाने दहीही आंबट लागते. ज्या टाकीत मासे आजारी आहेत, तिथला स्पंज आणू नये. जिवाणूंबरोबर रोगही येतात.

त्यानंतर वाट पाहायची आणि मोजायचे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू तपासणारे थेंबांचे टेस्ट किट मिळते. मी दर दोन दिवसांनी आकडे वहीत लिहितो. पहिले काही दिवस अमोनिया ढिम्म असतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट वर येते. अमोनिया संपत आला की नवसागराची पुढची मात्रा द्यायची. पुढे एका दिवशी नायट्राइटही उतरू लागते आणि नायट्रेटचा रंग गडद होतो. सकाळी घातलेला २ मिलीग्रॅमचा अमोनिया दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य, आणि नायट्राइटही शून्य, असे लागोपाठ दोन-तीनदा दिसले की पाणी लागले असे समजावे. या सबंध काळात टाकीत डोळ्यांना दिसणारे काहीच घडत नाही. घरातल्या मुलांना हे आठवडे फार जड जातात. त्यांच्या हातात वही आणि टेस्ट किट दिले की मात्र रिकाम्या टाकीतही त्यांना गोष्ट दिसू लागते.

आपल्या गावचे पाणी

वरची रीत सगळीकडे सारखी असली तरी पाणी सारखे नसते. पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या धरणांचे पाणी, जसे मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इथून येते, ते मृदू असते. विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. दोघांच्या अडचणी वेगळ्या.

अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. ते शोषून घ्यायला पाण्यात कार्बोनेटची शिल्लक लागते. मृदू पाण्यात ही शिल्लक मुळातच थोडी. चार-पाच मात्रांनंतर ती संपते, सामू घसरतो, आणि साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावत मंदावत थांबते. महिना झाला तरी अमोनिया हलत नाही, अशी तक्रार मृदू पाणी असलेल्या गावांतून येते ती यामुळे. उपाय स्वयंपाकघरात आहे. ५० लिटरला नवसागराच्या एका मात्रेमागे साधारण एक ग्रॅम खायचा सोडा घातला की जेवढी शिल्लक खर्च होते तेवढी भरून निघते. जड पाण्यात ही अडचण येत नाही. तिथे सामू आठच्या आसपास ठाण मांडून बसतो आणि थोडासा अमोनियाही जहाल ठरतो. म्हणून जड पाण्याच्या गावात मासे आणण्याची घाई अधिक महागात पडते.

उन्हाळा हा आणखी एक हिशेब. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे, जिवाणू आणि कुजणारे खाद्य, सगळ्यांची मागणी उष्णतेबरोबर वाढते आणि पुरवठा घटतो. वीज गेली की फिल्टर थांबतो. स्पंजच्या आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नाही.

पाहुणा येताना

आता माशाकडे येऊ. नाजूक मासा म्हटले की मला कार्डिनल टेट्रा डोळ्यांपुढे येतो: तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, वर निळी रेघ आणि खाली पोटभर लाल. याचे घर ब्राझीलमधली रिओ नेग्रो नदी. तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, क्षार जवळजवळ नसतात आणि सामू चार-पाचच्या घरात असतो. बार्सेलोस या गावाच्या परिसरात हे मासे हातजाळ्यांनी पकडले जातात आणि तिथून जगभर जातात. अशा पाण्यातून आलेल्या जिवाला आपल्या टाकीत बसवायचे आहे.

पाणी लागले की आधी नवसागराची मात्रा थांबवावी आणि टाकीतले बहुतेक पाणी बदलून नायट्रेट आणि सोडा धुऊन काढावा. कार्डिनलसाठी मृदू पाणी घ्यावे आणि त्यात देशी बदामाची वाळलेली पाने टाकावीत, ज्याची लाल पाने हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर पडतात त्या झाडाची. ती स्वच्छ जागेवरची आणि औषधफवारणी न झालेली असावीत. पाणी चहाच्या रंगाचे होते आणि सामू हळूहळू खाली येतो. तो एकदम पाडू नये. साडेसहाच्या आसपास मासाही रमतो आणि जिवाणूही काम करतात.

पिशवीतून मासा टाकीत सोडण्याचा क्षणही फसवा असतो. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्याच पाण्यात त्याचा अमोनियाही साठत असतो. पण सामू कमी असल्याने तो बहुतेक निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या पिशवीतले पाणी उघडे ठेवून तासन् तास वाट पाहू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. मग मासे लहान भांड्यात घेऊन सलाइनच्या नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे. पाणी तिप्पट-चौपट झाले की मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. दिवा त्या दिवशी बंदच ठेवावा.

सगळे मासे एकदम आणू नयेत. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या मानाने ठरते. मासे एकाएकी दुप्पट केले तर तीच कहाणी छोट्या प्रमाणावर पुन्हा घडते. कार्डिनल कळपाने राहणारा मासा आहे, तेव्हा सहा आणावेत, दोन आठवडे आकडे पाहावेत, मग पुढचे सहा. आणि नंतरचा प्रत्येक मासा आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी नव्या माशाबरोबरच येतो. या छोट्या टाकीसाठी एक जादा स्पंज मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये आधीपासून ठेवलेला असला की तिथेही विरजण तयार.

स्वच्छतेचा अर्थ

हे सगळे सांगून झाल्यावरही एक अडथळा उरतो, तो आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेचा. दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा टाकीही अंगणात येते. खडी खळखळून धुतली जाते, काच चकचकीत होते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो. क्लोरीनच्या पाण्यात महिनोन् महिन्यांची वसाहत अर्ध्या तासात वाहून जाते. टाकी पुन्हा नवी होते, आणि भाऊबीजेच्या आसपास मासे धापा टाकू लागतात. स्पंज धुवायचाच असतो, पण टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, हलक्या हाताने आणि वरचा गाळ निघेल एवढाच. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. सगळे पाणी आणि सगळी खडी एकाच दिवशी कधीही नाही. त्या तपकिरी बुळबुळीत थराला आपण घाण म्हणतो. माशाच्या दृष्टीने ते त्याचे मूत्रपिंड आहे, शरीराबाहेर ठेवलेले.

हा प्रश्न एका घरातल्या आठ-दहा माशांपुरता राहत नाही. टाकीत मेलेल्या माशाची जागा दुकानातला दुसरा मासा घेतो आणि दुकानातली जागा, काही जातींच्या बाबतीत, नदीतला मासा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्यांत एक देखणा मासा आहे, अंगावर लाल-काळे पट्टे असलेला. फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. २०१३ मध्ये त्याची प्रजाती वेगळी ठरली, तेव्हा तिला नाव मिळाले 'सह्याद्रिया', आपल्याच डोंगररांगेवरून. परदेशी टाक्यांसाठी झालेली बेसुमार पकड हे त्याची संख्या घटण्याचे एक प्रमुख कारण मानले जाते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. अशा माशांपैकी किती जण कुणाच्या तरी टाकीत पंधरवडाही न काढता गेले असतील? ते रोगाने गेले नसतील, मोठ्या क्रौर्यानेही नाही. पाणी लागायची वाट कुणी पाहिली नाही, एवढ्यानेच गेले असतील.

तेव्हा या दिवाळीत कुणी घरी टाकी आणणार असेल, तर माझी सूचना साधी आहे. टाकी, फिल्टर, टेस्ट किट आणि एक वही आत्ता आणा. नवसागराची पहिली मात्रा पाडव्याला द्या. मासे मात्र मार्गशीर्षात आणा. तोवर रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत, स्पंजच्या छिद्राछिद्रांत, त्यांच्या स्वागताची तयारी चालू असेल, आणि वहीतला आकडा शून्यावर आला की ती पूर्ण झाल्याचे तुम्हाला कळेल.